परकं कापड

गेल्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी हरणांची लुंगी नेसून बसायचो. हरणं नॉर्वेची होती. सक्ती आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधल्या सुमनकाकूंची.

काकूंचा मुलगा नॉर्वेत असतो, बायकोही तिकडचीच. त्यांना बाळ होणार म्हणून काकू आणि तिकडच्या विहीणबाई मिळून एक गोधडी शिवणार होत्या. कापडं विहीणबाईंची. काकूंनी डोंबिवलीत तुकडे जोडून पाठवायचे, अस्तर विहीणबाईंनी लावायचं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. व्हिडिओ कॉलवर कापड दाखवून नुसत्या माना डोलवायच्या. माझी खात्री आहे, दोघी वेगवेगळ्या गोष्टींना हो म्हणत होत्या.

घोळ झालाच. विहीणबाईंनी हरणं छापलेली कोरी करकरीत कापडं धाडली. काकू हबकल्या. "अरे, बाळाची गोधडी कोणी नव्या कापडाची करतं? टोचेल ना त्याला. परकं आहे हे अजून."

मग कापड आपलंसं करायची मोहीम निघाली. मला लुंगी, शहाडच्या नणंदेला उशीचे अभ्रे, तळमजल्यावरच्या जोशींना रुमाल. जिन्यात गाठ पडली की काकू माझी लुंगी चिमटीत धरून बघायच्या. "परकंच आहे रे. नेसून जरा लोळ की." मी लोळलो. बायकोने कारण विचारणं सोडून दिलं होतं.

शेवटी सगळं कापड परत गोळा झालं, धुतलं गेलं, शिवून झालं. पार्सल करायला मी वर गेलो तर काकू ऐन मे महिन्यात तीच गोधडी पांघरून बसलेल्या. घामाघूम.

"विहीणबाईंना इंग्रजीत लिही, धुऊ नका म्हणावं."

मी चक्रावलो. ही बाई बाजारातून आलेल्या नोटासुद्धा धुऊन वाळत घालते. "काकू, तान्ह्या बाळासाठी आहे. त्या धुणारच."

"म्हणून तर लिही." काकूंनी गोधडी अंगाभोवती अजून घट्ट ओढली. "हे गेले तेव्हा मी वेड्यासारखे ह्यांचे सगळे कपडे धुऊन टाकले. मग आठवण आली की कपाट उघडायचे, तर नुसता साबणाचा वास. फार रडले रे. आता ह्या गुडघ्यांनी मी काही तिकडे जात नाही. बाळाला एवढं तरी मिळू दे माझं."

मी लिहिलं. कारणासकट लिहिलं.

काही दिवसांनी विहीणबाईंचा फोटो आला. अस्तर लावून झालं होतं. त्या खुर्चीत गोधडी गळ्यापर्यंत ओढून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"थंडी असेल तिकडे," मी म्हणालो.

काकूंनी पदराने मोबाइलची काच पुसली. "नाही रे," त्या म्हणाल्या. "त्याही आता त्यांचा वास लावतायत."