तपासून घेतलेला फूड प्रोसेसर

तपासनीसांच्या बायकोने संसाराच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं, आणि तेही ओट्याशी पाठमोरी उभी राहून, गाजर चिरता चिरता.

"मला एक फूड प्रोसेसर हवाय."

तपासनीस टेबलाशी पेपर वाचत बसले होते. ‘हवाय’ हा शब्द या घरात इतका परका होता की आधी त्यांना वाटलं, शेजारचं कोणीतरी बोलतंय. बायकोचा ठरलेला शब्द होता ‘राहू दे’. चपला झिजल्यात, नव्या घेऊ या का? "राहू दे." चार दिवस कुठे हवापालट करून येऊ या का? "राहू दे." या ‘राहू दे’चा अर्थ ‘नको’ असा होतो, एवढं तपासनीसांनी पक्कं शिकून घेतलं होतं. त्याच्यापुढे त्यांचा अभ्यास गेला नव्हता.

"अंगठा फार दुखतो हो," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिरणं-किसणं बंद करा, नाहीतर हा अंगठा कायमचा आखडेल."

आता हे चिरणं-किसणं चाललं होतं ते तपासनीसांसाठीच. त्यांना रोज वाडगाभर कच्च्या भाज्या खायला सांगितल्या होत्या आणि त्यांच्या कवळीला गाजराचा साधा तुकडा दाद देत नव्हता. म्हणून बायको गाजर, कोबी, बीट सगळं अगदी बारीक चिरायची. हे ध्यानात आल्यावर तपासनीसांना मनापासून वाईट वाटलं. उठून तिच्या हातातली सुरी घ्यावी, असंही वाटलं. वाटून झाल्यावर ते म्हणाले, "घेऊ या. नक्की घेऊ या. पण नीट तपासून घेऊ या."

इथेच घोडं पेंड खायला लागलं. तपासनीस होते लिफ्टचे तपासनीस. शहरातल्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय वर-खाली होत नसत. सबंध नोकरीत त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती, कारण त्यांच्या हातून लवकर असं काही झालंच नव्हतं.

दुकानातल्या मुलीने त्यांच्यापुढे ओळीने मशीनं मांडली. हे कणीक मळतं, ते किसतं, हे रस काढतं, असं ती उत्साहाने सांगू लागली. तपासनीसांनी तिला हाताने थांबवलं.

"झाकण उघडं असताना मोटर फिरते का?"

"नाही काका. झाकण घट्ट बसल्याशिवाय चालूच होत नाही."

"बघू." तपासनीसांनी खिशातून पेन्सिल काढली आणि झाकण जिथे अडकतं त्या खाचेत खुपसली. मशीन घरघरायला लागलं. मुलगी दचकून मागे सरली.

"अहो काका, घरात कोण कशाला पेन्सिल घालेल त्यात?"

"लिफ्टच्या दारातही कोणी घालत नाही. तरी आम्ही घालून बघतो."

"पण ही लिफ्ट नाहीये ना!"

"दार उघडं असताना हललं, की लिफ्ट काय आणि हे काय, सारखंच," तपासनीस म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे वळले. दुकानातली बहुतेक मशीनं पेन्सिलीला फसली. ते रिकाम्या हाताने घरी आले. बायको दारातच उभी होती. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि कोबी काढायला आत गेली.

"दुकानात खरं कळत नाही," ते तिच्या मागोमाग जात म्हणाले. "वस्तू वापरात बघायला हवी."

म्हणून त्यांनी वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. धाकट्या बहिणीचं मशीन आणलं. ऑफिसच्या साहेबांकडून मागून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. तुमच्याच कवळीसाठी चाललंय म्हटल्यावर डॉक्टरांना नाही म्हणता येईना. जेवणाच्या टेबलावर तीन मशीनं उभी राहिली आणि जेवणाची ताटं मांडीवर आली.

"आता एक काम कर," रविवारी सकाळी तपासनीस म्हणाले. "तू हाताने थोडं चिरून दे. नमुना म्हणून."

"मी?"

"तुझ्या हातासारखं चिरणारं मशीन हवं ना? मग तुलनेला तुझ्या हातचं समोर नको?"

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या अंगठ्याला बांधलेल्या पट्ट्याकडे पाहिलं आणि सुरी उचलली. तिच्या नमुन्याशेजारी तिन्ही मशीनचे नमुने लागले. मग बीट झालं, कोबी झाला, काकडी झाली. प्रत्येक वेळी वाडगी, झाकणं, पाती, किसण्या, दांडे आणि चाळण्या घासायचं काम बायकोकडेच आलं, कारण तपासनीस निरीक्षणं मनाशी पक्की करण्यात गुंतले होते.

"घासायला सगळ्यात सोपं काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

"सुरी," बायको म्हणाली.

हा टोमणा होता, हे त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, आणि तेव्हा ते खरोखर ओशाळले. ओशाळल्यावर माणूस काहीतरी भलं करायला जातो. दुसऱ्या दिवशी बायकोला त्रास नको म्हणून सगळी मशीनं त्यांनी स्वतः पुसून, आपापल्या खोक्यांत भरून, ज्याची त्याला परत केली. निदान त्यांची तशी समजूत होती.

आधी बहिणीचा फोन आला. "दादा, माझं झाकण बसत नाहीये."

"जोर लाव."

बहिणीने जोर लावला. फोनमधून कडाड असा आवाज आला.

"दादा," बहीण म्हणाली, "हे झाकण माझं नाहीच वाटतं."

ते साहेबांचं होतं. साहेबांकडे गेलं होतं ते डॉक्टरांचं, आणि डॉक्टरांच्या वाडग्यावर बहिणीचं झाकण ठेवलेलं होतं, जे बसत नव्हतं आणि निघतही नव्हतं. पात्यांचा घोळ तर आणखी निराळा. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, लिफ्टची दारंही अशीच एकीची दुसरीला बसवता का?" तपासनीस झाकणं काखेत मारून घरोघर फिरले. साहेबांना नवं झाकण आणून दिलं. शेवटी बहिणीने त्यांना उंबऱ्यावरच उभं केलं आणि म्हणाली, "दादा, आमची मोडत बसण्यापेक्षा वहिनीला एक घेऊन टाक ना रे! ती बिचारी बोलत नाही म्हणून काय झालं?"

हे शब्द मात्र त्यांना लागले. ते तिथून तडक दुकानात गेले. पेन्सिलीला दाद न देणारं एकच मशीन त्या दुकानात होतं, तेच त्यांनी उचललं आणि घरी आणलं.

बायकोने खोकं उघडलं. वाडगा धुतला, पुसला, मशीन ओट्यावर भिंतीशी नीट लावलं, जरासं उजवीकडे सरकवलं आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. मग तिने एक गाजर घातलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वाडग्यात बारीक चुरा पडला होता. ती वाडग्यात बघत राहिली.

तपासनीसांनी खरं म्हणजे तिच्या तोंडाकडे पाहायला हवं होतं. पण ते मशीनच्या तळाकडे पाहत होते.

"वायर जरा आखूड आहे," ते म्हणाले. "आवाजही मोठा वाटतो. झाकण काढताना डावा हात वापरावा लागतोय. तुला खरंच हे हवं ना? संकोच करू नकोस."

ती वाडग्यावरून हात फिरवत होती. "राहू दे आता," ती म्हणाली.

झालं. तपासनीसांच्या डोक्यात इतक्या वर्षांचा अभ्यास जागा झाला. राहू दे म्हणजे नको. हिला मशीन पसंत नाही, पण आपलं मन राखायला ती तसं बोलत नाही! त्यांना तिची दया आली आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, की बघा, न सांगता आपण बायकोचं मन ओळखलं. सकाळी ती बाजारात गेलेली असताना त्यांनी मशीन खोक्यात भरलं, दुकानात नेऊन परत केलं आणि हलक्या मनाने घरी येऊन पेपर उघडला.

बायको परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. गाजरं, बीट, कोबी, मुळे. एरवी ती इतकं आणत नसे. ओट्यावर भिंतीशी मोकळी जागा होती. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"मशीन कुठंय?"

"परत केलं," तपासनीस प्रेमाने म्हणाले. "तू म्हणालीस ना, राहू दे."

"हो. राहू दे म्हणाले."

"म्हणजे नको ना?"

"म्हणजे राहू दे!" ती म्हणाली. "घरात राहू दे! आता आणलंय ना, मग असू दे, हलवू नका, राहू दे! किती साधं बोलले मी!"

तपासनीस उठून उभे राहिले. "मी आत्ता जातो, घेऊन येतो."

"नको," बायको म्हणाली. "आता नको." आणि हे ‘नको’ इतकं स्पष्ट होतं की त्यांना जागचं हलता येईना.

ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गाजरं धुतली आणि ती पिशवी घेऊन आपल्या थोरल्या बहिणीकडे जाऊन येते म्हणून निघून गेली. संध्याकाळी आली ती शांत होऊनच. त्या दिवसापासून ती रोज सकाळी ताईकडे जायची आणि यायची. वाडगाही रोज मिळायचा. उलट पूर्वीपेक्षा बारीक, सारखा चिरलेला. तपासनीस तो चमच्याने खाताना खाली मान घालत. हिला आपल्यापायी त्या दुखऱ्या अंगठ्याने चिरावं लागतंय, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता. तरी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून एकदा ते म्हणाले, "तुझ्या हाताला तोड नाही हं. मशीनला जमणार नाही असं."

बायकोला ठसका लागला. ती पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पश्चात्तापाने माणूस सुधारतो म्हणतात. तपासनीस दुकानात गेले. या खेपेला न तपासता, दिसेल ते पहिलं मशीन उचलायचं असं ठरवूनच गेले. त्यांना बघताच मुलीने काउंटरवरची सगळी मशीनं मागे सरकवली.

"आता कशाला काका? काकूंचं बिघडलं का?"

"काकूंचं? ते मी परत केलं ना!"

"तुम्ही सकाळी आणून दिलंत, काकू दुपारी येऊन घेऊन गेल्या की! मी म्हटलं, घरी सोडायला माणूस देऊ का? तर म्हणाल्या, घरी नाही न्यायचं, बहिणीकडे न्यायचंय."

तपासनीसांना राग यायला हवा होता. रस्त्याने चालताना त्यांनी तो आणूनही पाहिला. पण राग काही येईना. उलट ‘तुझ्या हाताला तोड नाही’ हे आपलेच शब्द आठवून कानशिलं तापत राहिली. स्वतःच्या घरात एक वस्तू सुखाने ठेवता येत नाही म्हणून बायकोला ती माहेरच्या माणसाकडे दडवावी लागली, असं आपण काय वाईट वागलो? मारलं नाही, ओरडलो नाही, नाही म्हटलं नाही. फक्त ‘पण’ म्हटलं. प्रत्येक वेळी ‘पण’ म्हटलं. आणि ती पहिल्यांदा काही मागत होती तेव्हा आपण गाजराचे तुकडे बघत बसलो.

थोरल्या बहिणीच्या दाराशी पोचले तेव्हा आतून मशीनची घरघर आणि दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं. बायको अशी खळखळून हसते, हे ते पार विसरून गेले होते. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले आणि मग त्यांनी बेल दाबली. हसणं थांबलं.

ताईंनी दार उघडलं. "अगं बाई, भाऊजी!" त्या आत बघून म्हणाल्या, "सापडलो गं आपण." मग त्यांच्याकडे वळून, "या. पण पेन्सिल बाहेर ठेवून या."

तपासनीसांनी खरोखरच खिशातली पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. स्वयंपाकघरात मशीन खिडकीशी उभं होतं. बायको त्याच्यासमोर होती. पट्टा निघालेला अंगठा मोकळा दिसत होता. मशीन लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

"बसा," ती म्हणाली. एका वाटीत तिने बीट आणि गाजर घातलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. तपासनीस स्टुलावर पाहुण्यासारखे अवघडून बसले आणि त्यांनी एक चमचा खाल्ला.

"छान आहे."

ती तशीच उभी राहिली. "पण?"

"पण काही नाही. छान आहे."

मशीनच्या झाकणाची एक बाजू किंचित वर होती, ते त्यांना दिसत होतं. जिभेवर आलेलं त्यांनी बिटाबरोबर गिळलं. वाटी अर्धी झाल्यावर त्यांनी धीर केला.

"चुकलो मी. फार चुकलो," ते म्हणाले. "हे आपल्या घरी नेऊ या का? मी हातसुद्धा लावणार नाही."

बायकोने कोबीचा तुकडा आत टाकला, झाकण घट्ट बसवलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. त्या आवाजात ती काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले त्यांना दिसले, शब्द मात्र ऐकू आला नाही. एरवी त्यांनी अर्थ आपला आपण लावला असता. आज ते हातावर हात ठेवून मशीन थांबेपर्यंत बसून राहिले.

मशीन थांबलं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मीठ द्या म्हटलं," ती म्हणाली. "तुमच्या मागे आहे."

तपासनीसांनी उठून मीठ दिलं.