परबकाकांचा हत्ती

"सेक्रेटरी, म्हैस इली!"

सकाळी साडेसहाला दारात परबकाका. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमचा नवा वॉचमन काठी घेऊन गेटकडे धावला होता. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. म्हैस, बेडूक, हत्ती आले की धो धो. कोल्हा, मेंढा आले की कोरडं. दर दोन आठवड्यांनी वाहन बदलतं आणि माझी झोप मोडते.

नाहूरच्या आमच्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी होत नाही. टाकी, लिफ्ट, पार्किंग, आणि वर परबकाका. मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर औषधाच्या दुकानात उभं राहून म्हातारे झालेले, एकटे. नोटीस बोर्डवर खडूनं लिहिणार, 'आजपासून पूर्वा. वाहन मेंढा. कपडे बिनधास्त वाळत घाला.' दुपारी पाऊस. संध्याकाळी ओल्या चादरी घेऊन बायका दारात. त्यांच्या नाही, माझ्या.

"काका, मोबाइलवर बघा ना."

"मोबाइल तासातासाक बोलणा बदलता. मी पंधरा दिवस एकाच बोलण्यार रवतंय."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या सोनल कांबळेचा साखरपुडा ठरला. मुलगा दुसऱ्या दिवशी जहाजावर जाणार, हॉल मिळेना, म्हणून गच्ची. सकाळी माळा बांधता बांधता तिनं विचारलं, "काका, आम्ही बौद्ध, मुहूर्त बघत नाही. पाऊस तेवढा सांगा ना."

"येवचो नाय गो."

साडेपाचला आभाळ फाटलं. नशीब, टाकीमागे चार ताडपत्र्या सापडल्या. अंगठ्या त्यांच्याखालीच घातल्या. सगळे काकांवर तुटून पडले. मीही म्हणालो, "उद्यापासून बोर्डला हात लावायचा नाही." त्यांनी मान डोलावली.

सकाळी मंडपवाला आला. "परबकाकांनी परवा नेलेल्या ताडपत्र्या द्या."

मी काकांकडे गेलो. टेबलावर पंचांग उघडं होतं. साखरपुड्याच्या तारखेवर लाल पेनानं लिहिलेलं, 'हस्त लागतं. हत्ती. मुसळधार.' नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा अंदाज खरा ठरला होता, आणि तोच त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"सोनल चेडू माळा बांधत होता. तेका काय सांगू, खाली उतर? दुसरो दिवस खय होतो?"

"मग मला तरी सांगायचं. सगळ्यांसमोर बोललो मी तुम्हाला."

"बरा केलंस. नायतर बापूस चेडवाक बोललो असतो, गच्चीर कित्याक केलंस म्हणान. मी काय, रोजचोच."

मी खुर्ची ओढून बसलो. काकांनी चहा टाकला आणि कप शोधायला लागले. एक ओट्यावरच होता. दुसरा बऱ्याच वेळानं वरच्या फळीवर सापडला. त्यावर इतकी धूळ होती की त्यांनी तो दोनदा विसळला.