शमुवेलमामांचा खर्ज

आमच्या शेजारचे शमुवेलमामा माणसाला नावानं नव्हे, आवाजानं ओळखत. चर्चच्या गायनातली आवाजांची नावं लावून मला ते 'टेनर' म्हणत, माझ्या बायकोला 'आल्टो'. पाटसची एसटी खर्जात जाते याचा त्यांना अभिमान, कारण ते स्वतः खर्जातले. शिरूरच्या आमच्या मिशन कंपाउंडात एकदा मयताला गेलो, तर सगळा आक्रोश चाललेला असताना हे माझ्या कानात म्हणाले, "समदी वरच्या पट्टीत रडत्यात. खर्जाला कुणीच न्हाई बघा." मला हसू आवरेना. त्या घरच्यांनी पुढं वर्षभर माझ्याशी अबोला धरला.

दिवसभर मामा एकच गाणं गुणगुणत, तेही त्यातला फक्त खर्ज. तेच दोन-तीन सूर, रहाट कुरकुरावा तसे. मूळचं ते चार आवाजांचं, ईस्टरचं जुनं गीत. मामांच्या तरुणपणी तापाची साथ आली आणि वरचा सूर म्हणणाऱ्या तिघी एका आठवड्यात गेल्या. त्यांत मामांची बायको, राहेलही होती. चर्चमध्ये ते गाणं पुन्हा कुणी काढलं नाही. आम्ही मात्र मामांच्या गुणगुणण्याला हसत राहिलो, याची आता लाज वाटते.

साठ सालच्या सुमारास दौंडहून नवे मास्तर आले. त्यांना शाळेच्या कपाटात त्या गाण्याचा कागद सापडला, चारही आवाज सरगमीत लिहिलेले. मामा हरखूनच गेले. "मास्तर, मरायच्या आत एकदा पुरं ऐकवा," म्हणाले.

तालीम जोरात सुरू झाली. तिसऱ्या कडव्यात मात्र गाडी अडली. तिथं बाकीचे आवाज आठ मात्रा गप्प, आणि वरच्या ओळीत सुरांऐवजी नुसतं लिहिलं होतं, 'राहेल'. तो तुकडा ती एकटी, आपल्या मनानं म्हणायची.

मास्तर म्हणाले, "मामा, तुम्ही तर शेजारीच उभे असायचा. चाल सांगा."

"मला न्हाई येत."

"अहो, तालमीत रोज ऐकली असेल की!"

"कवा ऐकू? आठ झालं की खर्ज उचलायचा असतो. मी मोजत व्हतो, मास्तर. तिच्याकडं ध्यान कुठं व्हतं?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. मला तर मान वर करवेना.

ईस्टरला मास्तरांनी ती जागा रिकामीच ठेवली. तिसऱ्या कडव्यात आम्ही सगळे थांबलो आणि मनात मोजू लागलो. मामा डोळे मिटून, मान जरा कलती करून उभे होते. आठ झाले. आम्ही उचललं. खर्ज आलाच नाही. मामा अजून ऐकत होते.