शेषेराव काळीपिवळीवाले यांनी पहिला नंबर राखिला, ती हकीकत

श्रीसिद्धेश्वरचरणी मस्तक ठेवून आणि डोळ्यांतली धूळ पुसून लातूर-औसा मार्गावरील जीपांच्या महायुद्धाचा वृत्तांत लिहिण्यात येतो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षी आदितवारी हे रण जाहले. त्यात कामास कोणी आले नाही. दोन आरसे, एक भोंगा आणि एका पाहुण्याचा पांढरा सदरा एवढेच पडले. परंतु अब्रू पणास लागली होती, म्हणोन लिहिणे प्राप्त जाहले.

लातूरच्या औसा नाक्यावर शेषेराव म्हणून एका काळ्यापिवळ्या जीपेचे खासे धनी. तीस वर्षे स्टँडावर पहिला नंबर त्यांचा. म्हणजे सकाळी त्यांची जीप भरेतो दुसऱ्या कोणी शीट, म्हणजे उतारू, घेऊ नये, ऐसा दस्तूर. जीप मात्र ऐसी नामांकित की मागले दार सुतळीने बांधलेले, आणि उतारूस उतरणे असेल तर खाशांनी जातीने येऊन गाठ सोडावी. हे देखोन बजरंग म्हणून एक तरणा सरदार, ज्याने एका सालात तीन शर्यती मारिल्या होत्या आणि तसे काचेवर मोठ्या अक्षरात लिहवून घेतले होते, त्याने भर स्टँडावर बोल लाविला की, काकाची गाडी आता भंगारात घाला आन् पयला नंबर मला द्या. काकांनी मागल्या दाराची सुतळी आणखी एक वेढा आवळिली. पण त्या दिवसापासून त्यांस भाकर गोड लागेना.

इतक्यात डाळमिलीचे धनी श्रीमंत गुरुपादप्पा यांस कीर्तीची उबळ आली. त्यांनी फर्मान काढिले की, सालभर जिंकलेल्या जीपांची एक नुमाइशी शर्यत व्हावी; जिंकणाऱ्यास शोभेच्या कपावाचून काही मिळणार नाही, हरणाऱ्याचे काही जाणार नाही; गाडी कंपनीतून आली तैसीच असावी, काडीचा फेरफार नसावा; आणि चार विजेते जमेस धरून पाचवा गडी लोकांनी मोबाइलवर मते देऊन निवडावा. काही मिळणार नाही असे कळताच सरदार जिवावर उदार जाहले. फेरफार मना होता म्हणोन एकाने मोठाले गुळगुळीत टायर चढविले, दुसऱ्याने तोफेसारखा सायलेन्सर लाविला, आणि बजरंगाने गाडी हलकी व्हावी म्हणोन मागली बाकडी उपटून घरी नेली, ती त्याच्या आईने अंगणात पापड वाळविण्यास घेतली. मग पंचांनी चहा घेऊन सर्व गाड्या अस्सल असल्याचा शेरा मारिला. वास्तविक अस्सल एक शेषेरावांचीच, कारण तीतला एकही नट फिरत नव्हता.

होय, पाचवा गडी शेषेराव ठरले. त्यांनी शर्यत सोडा, उभ्या जन्मात एसटीसही मागे टाकिले नव्हते. परंतु ज्यांस त्यांनी दवाखान्यात, बाजारात, परीक्षेस वेळेवर पोहोचविले, त्या औसा मार्गावरील यच्चयावत रयतेने मते टाकिली. तेव्हा बजरंगाने शर्त घातली की, काका माझ्या मागं राहिले तर पयला नंबर माझा. काकांनी नुसते हाव म्हटले. आणि घरी कारभारीण सिंधुबाईंचा हुकूम सुटला की, नंबर घालवून यायचं असल तर येऊच नका, तितंच जीपीत झोपा.

औसा रस्त्यालगत एका रानावर रोलर फिरवून रिंगण केले होते. चार वेढे जाहले. धुळीचा ऐसा लोट उठला की शामियान्यातील प्रमुख पाहुणे कोणते आणि खुर्ची कोणती हे उमगेना. मग गुरुपादप्पांनी शर्यत थांबविली आणि टँकरवाल्यास फर्माविले की, पलीकडच्या वळणावर पाणी मार. त्याने नेकीने अख्खा टँकर रिता केला. काळ्या मातीत पाणी ओतले म्हणजे काय होते, हे त्या शामियान्यातील एकाही शहाण्यास आठवले नाही. मग निशाण पडले आणि शेवटचा एक वेढा सुटला.

पुढे बजरंग, त्याच्या पाठीस लागून शेषेराव, ऐसी घोडदौड चालली. तीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या जीपेने तिसऱ्या गिअरात दम धरिला होता, आणि काकांस वाटले की नंबर राहिला. तोच रिंगण रस्त्यास भिडते तेथे कडेस धुरपताबाई म्हणून एक म्हातारी उभी दिसली. तिला शर्यतीशी कर्तव्य नव्हते. औशास नातीचे बारसे होते, काखेत झबल्याची पिशवी होती, आणि काळीपिवळी जीप येताना देखोन तिने हात केला.

शेषेरावांच्या पायाने मसलत न पुसता ब्रेक दाबिला.

म्हातारीने औसा का म्हणोन पुसले. काकांच्या तोंडून औसा म्हणोन निघून गेले, आणि शब्द गेला तो गेला. एक शीट बसले आणि मग सवय अनावर जाहली. मान बाहेर काढून काका औसा, औसा, सहाच शीट म्हणोन पुकारू लागले, आणि भाषणे चुकविण्याची संधी पाहून कंटाळलेले प्रेक्षक दोरी ओलांडून धावले. बाकीचे सरदार शेजारून निघून गेले. सिंधुबाईंनी पदर तोंडावर घेतला. नंबर चालला हे काकांस दिसत होते, रडू येत होते, तरी शीट भरल्याखेरीज गिअर पडेना. सातवे शीट बसले तेव्हा गाडी हलली.

वळणावर पाहतात तो चारी विजेते चिखलात रुतलेले. हलकी गाडी, गुळगुळीत टायर. चाके जागीच गरगरत आणि प्रत्येक जण स्वतःचा खंदक स्वतःच खणीत. काकांची जीपही तेथेच बसली. परंतु औसा मार्गावरील उतारूस सांगावे लागत नाही. सुतळी सुटली, सातही जण उतरले, धोतरे-लुगडी वर खोचिली, आणि दर पावसाळ्यात ढकलतात तैसी जीप ढकलली. बजरंगाने विनविले की, मावशे, जरा मलाबी ढकला की. त्यास धुरपताबाईंचा जबाब मिळाला की, मागल्या बाजारी उन्हात हात करू करू माजा खांदा गेला, तू थांबलास का? आन् आता काय करलालास रं, बस तितंच.

जीप निघाली, माणसे बसली, आणि शेषेराव सहकुटुंब म्हणावे ऐसे निशाणापार जाहले. बजरंगाने चिखलातूनच हरकत घेतली की, गाडीत माणसं हायती, हे नियमात न्हाई. गुरुपादप्पांनी कागद उलटासुलटा वाचिला आणि निवाडा दिला की, गाडी कंपनीतून आली तशी असावी असं हाय, आन् कंपनीनं जीप काढली ती माणसं बसवायलाच.

मग पाहुणे तीन हात उंचीचा कप घेऊन भाषणास उभे राहिले. धुरपताबाईंनी आतून बजाविले की, कप मागनं घे, बारशाला उशीर होलालाय. काकांनी कप सिंधुबाईंच्या हाती दिला आणि औशास कूच केले. बारसे सापडले.

दिवस कलता परत येते समयी शामियाना उतरला होता. रस्त्याच्या कडेस गुडघाभर चिखलाने माखलेला बजरंग, जीप रुतली तेथेच सोडून, एकटाच उभा होता. काळीपिवळी दिसताच त्याने मान खाली घातली आणि हात केला.

काका थांबले. मागले बाक, शेवटचे शीट.

येणेप्रमाणे, ज्या शर्यतीत काही मिळणार नव्हते तीत शेषेराव यांनी शर्थ केली, आणि औसा नाक्यावरील पहिला नंबर त्यांजकडे कायम जाहला. दुसरे दिवशी बजरंगाच्या आईचे पापड खाली उतरले आणि बाकडी जीपेत परत बसली. कागद लिहिला सही.