गफूरचाचांचा जुना माल

गेल्या दसऱ्याला मी नवी स्कूटर घेतली तेव्हा सगळ्या गल्लीने माझं अभिनंदन केलं. एकट्या गफूरचाचांनी सांत्वन केलं. हातातली हातोडी तशीच घेऊन ते दुकानाबाहेर आले, हार घातलेल्या स्कूटरभोवती एक चक्कर मारली, पुढच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि आजारी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत म्हणाले, "चांगली शे, पाटील. पन हिले आजून काही व्हयेल नही."

म्हणजे, हिला अजून काहीच झालेलं नाही. नव्या गाडीबद्दल ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढे त्यांनी उपायही सुचवला. "तुम्ही म्हनशात तं आठे येक बारीक चरा मारी देस."

मी स्कूटर आणि हातोडी यांच्या मधे उभा राहिलो. पण नशिबात असेल ते चुकत नाही. दिवाळीच्या आत एका भाजीच्या हातगाडीने स्टेशन रोडवर तिला चांगली हातभर घासली. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तर चाचांनी माझ्यासाठी स्पेशल चहा मागवला. "आते ती तुम्हनी व्हयनी," म्हणाले.

माझं मूळ गाव रनाळे. शेती थोरले भाऊ बघतात, मी नंदुरबारला पार्सल बुकिंगचं दुकान चालवतो. चाचांच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत आहे, आणि तीही अशी की तिकडे ठोका पडला की इकडे माझ्या पेनातली रेघ वाकडी जाते. चाचा पत्र्याचं काम करतात. पूर्वी ते धान्याच्या कोठ्या आणि लग्नातल्या पेट्या करायचे. प्लास्टिक आलं, कपाटं आली, पेट्या गेल्या. तेवढ्यात कोणा नाटकवाल्याने त्यांच्याकडून लढाईतले लोखंडी टोप करून घेतले, ते पुण्याच्या एका शेठने बघितले, आणि तेव्हापासून चाचा फक्त टोप करतात. शेठ ते नाटकांना, सिनेमांना, मिरवणुकांना पुरवतो.

आता टोप करणं हे काम अर्धंच. नवाकोरा, चकचकीत टोप तयार झाला की चाचांचा चेहरा पडतो. मग खरं काम सुरू होतं: त्याला म्हातारा करण्याचं. आधी भट्टीत धरून त्याचा रंग उतरवायचा, मग ठोके, मग तारेचा ब्रश, मग चिंच-मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या बारदानात त्याला गुंडाळून ठेवायचा. गंज चढला की तो हवा तेवढा ठेवून बाकीचा घासायचा आणि वर तेलाचा हात फिरवायचा. बघणाऱ्याने शपथेवर सांगावं की हा टोप तीन पिढ्या तापीच्या गाळात पडला होता.

या बारदानामुळे एकदा घोटाळा झाला. आमच्या नंदुरबारात फुकट बारदान मिळतं ते मिरचीचंच. पुण्याहून शेठचा फोन आला. तो रागावलाय की हसतोय ते मला कळेना. नाटकात सरदाराला शेवटी वीरमरण होतं. सरदार मेला आणि पडदा पडायच्या आत दोनदा शिंकला. मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"मंग तो मरेल नही व्हई," म्हणाले आणि कामाला लागले.

ठोक्यांच्या बाबतीत तर त्यांच्याशी बोलायची सोय नाही. उगाच हातोडी आपटून पोचे पाडणाऱ्या कारागिरांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. "कोनी मारं, कथाईन मारं, हाई समजल्याबिगर ठोका कसा मारू?" कोणी मारलं, कुठून मारलं हे आधी ठरवायचं, त्यामुळे प्रत्येक टोपाखाली एक काल्पनिक शिपाई असतो आणि चाचांना त्याची सगळी कुंडली पाठ असते. हा घोड्यावरून पडला. याच्यावर वार करणारा डावखुरा होता. एका टोपाच्या शिपायाचं नाव काय, असं मी गमतीने विचारलं.

"नाव माले कसं मालूम व्हई? पन त्यान्ही डावी दाढ दुखत व्हती. दखा ना, पट्टा उजवीकडे सरकेल शे."

अशा या माणसाला सगळ्या दुनियेत एकाच व्यक्तीचा धाक होता. हलीमाचाचीचा. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मधे एक पडदा. टोप तयार झाला की चाचा हाक मारायचे. चाची चहा घेऊन यायची, कप ठेवायची, टोपाकडे नजर टाकायची आणि म्हणायची, "नया है." बस. चहा ठेवून आत. चाचा पुन्हा बारदान भिजवायला घ्यायचे. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला ती "हौ" म्हणायची आणि मगच तो टोप माझ्याकडे पार्सलला यायचा. पहिल्या फेरीत पास झालेला टोप मी पाहिला नाही. मी चाचांना म्हणायचो, पुण्याचा शेठ परवडला, हा शेठ फार कडक आहे. ते खूश व्हायचे.

वर्षभरापूर्वी एकदा चाचीने आणलेला चहा खारट निघाला. मी चाचांकडे बघितलं. चाचा सगळा कप शांतपणे पिऊन मोकळे झाले होते, म्हणून मीही प्यायलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर चाचा स्वयंपाकघरातले डबे मांडीवर घेऊन बसलेले. मिठाच्या डब्याला एक पोचा, साखरेच्या डब्याला दोन.

"डबा नवा दिसत व्हता," म्हणाले.

ही बातमी मी त्याच दिवशी गल्लीभर केली. चाचा आता घरातले डबेही म्हातारे करायला लागले, हळूहळू आपल्यालाही धरतील, म्हटलं. माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी गल्लीत ख्याती आहे आणि ती खरी आहे.

त्यानंतर टोप बदलायला लागले, आणि चाचीही नुसती नजर न टाकता टोप हातात घेऊन बघायला लागली. पोचे खोल, वार रुंद, गंजाचे खवले असे की पार्सल बांधताना माझी बोटं सोलायची. मला वाटलं, वयाप्रमाणे हात जड झाला. आणि मग या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याहून सगळी गोणीच परत आली. सोबत शेठचा आवाजी निरोप: "चाचा, हे टोप नाहीत, फणस आहेत. स्टेजवर घालून चालणार कोण? काम पहिल्यासारखं बारीक करून द्या, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

चाचांना दुसरा शेठ नव्हता. दुसरं काम तर नव्हतंच. मी गोणी त्यांच्यासमोर ठेवली आणि निरोप दोनदा ऐकवला.

"हलीमानी पास करेल शे," चाचा म्हणाले. "पुनावाला कोन?"

"चाचा, पैसा पुनावाला देस. हलीमाचाची नही देत."

चाचांनी उठून पडदा नीट सरकवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वरवर ठोका मारा तं तिन्हा बोटले लागत नही."

"बोटले?"

"सुरतना डॉक्टरनी माले बाजूले लई जाईसन सांगं. डोयानी नस सुकी गयी. इलाज नही. ती म्हनस, दिसस. मी बी म्हनस, दिसस. तिले सांगू नका, माले मालूम शे ते."

चाचीला दिसत नव्हतं. मिठाचा एक पोचा आणि साखरेचे दोन कशासाठी, ते आता माझ्या ध्यानात आलं. ज्या डब्यांवर मी गल्ली हसवली होती ते डबे डोळ्यांसमोर आले आणि माझी मलाच लाज वाटली.

पण गोणी तर तशीच होती. मी ठरवलं, डोळ्यांचा विषय न काढता चाचीला एवढंच सांगायचं की टोप लवकर पास करत जा. दुपारी चाचा नमाजला गेल्यावर मी मागच्या दाराने गेलो. चाची ओसरीवर बसली होती. मांडीवर परत आलेला एक टोप, आणि बोटं त्याच्यावर सावकाश फिरत होती. मी अगदी समोर उभा राहिलो.

"कौन?"

"मी, पाटील."

"अरे, पाटील भाई. धूप आँख पे आ रही थी," चाची म्हणाली. ओसरीवर सावली होती.

मी म्हटलं, चाची, तुम्ही पहिल्याच वेळी 'हौ' म्हणत जा ना. दर वेळी 'नया है' म्हणता, ते आणखी ठोकतात आणि माल जास्तच खडबडीत होतो. हा सगळा परत आलाय.

चाचीची बोटं थांबली. "पहली बार में हौ बोलूँ तो उनको शक आएगा," ती हळूच म्हणाली. "मैं हमेशा पहले 'नया है' बोलती थी ना. अब नहीं बोली तो समझ जाएँगे, इसको दिखता नहीं." मग जरा हसली. "अल्ला का करम है, माल भी आजकल ऐसा बनता है कि हाथ को सब समझ जाता है. उनको मत बोलना, भाई."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. हिला बोटांनी कळावं म्हणून तो खोल ठोकणार. आपल्याला दिसतं हे त्याला वाटावं म्हणून ही "नया है" म्हणणार. मग तो आणखी खोल ठोकणार. या दोघांनी एकमेकांची इतकी काळजी घेतली होती की धंदा बुडायला आला होता. आणि दोघांचं गुपित ठेवलं होतं कोणाच्या पोटात, तर माझ्या.

"यापुढे बारीक काम लागणार, चाची," मी म्हटलं. "हाताला काही लागायचं नाही."

ती ओढणीच्या पदराने टोपाची कड पुसत राहिली.

चाचांनी मग दोन दिवस ते टोप आतून ठोकून खोल पोचे वर आणले, घासले, पुन्हा बारीक गंज चढवला. काम सुंदर झालं होतं. पण त्यांचा हात शेवटपर्यंत रेंगाळत होता. "तिले काही लागनं नही तं ती काय म्हनी?" एवढंच मला विचारलं.

संध्याकाळी चाची चहा घेऊन आली. चाचांनी टोप तिच्या हातात दिला. मी एका पार्सलवर पत्ता लिहीत असल्याचं सोंग केलं. चाचीची बोटं टोपावरून एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मग एका जागी अंगठा ठेवून ती म्हणाली, "यहाँ किसी ने बायें हाथ से मारा."

तिच्या अंगठ्याखाली मला साफ गुळगुळीत पत्रा दिसत होता. चाचांनाही दिसत होता.

"हौ," चाचा म्हणाले. "खब्बू था."

"हौ," चाची म्हणाली, आणि टोप परत देऊन पडद्याआड गेली. पहिल्याच फेरीत.

मी त्याच पार्सलवर तोच पत्ता दुसऱ्यांदा लिहिला. चाचांनी टोप कपड्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.

"दखं का पाटील? पहिला फटकामा. तिले दिसस."

"हा, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. किराण्यातून आलेला चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा ऐरणीजवळ ठेवलेला होता. तो त्यांनी मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि अगदी हलक्या हाताने तीन ठोके मारले. मग डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवला. एक ठोका हलका पडला असावा, तो पुन्हा मारला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर मान वर न करता म्हणाले, "नवा डबा शे. याले आजून काही व्हयेल नही."