जर्बिलांनी पोटं घासली

“आता काय अंघोळही करू नये माणसानं?” हात धुता धुता मदतनीस दा-ह्ये मास्कच्या आतून पुटपुटली. “साबण बंद, क्रीम बंद. आणि आता म्हणे लसूण बंद!”

शेजारी उभ्या संशोधक ग्योंग-आ बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुकूम त्यांचेच होते.

प्रयोगशाळेतले जर्बिल उंदीर बिघडले होते. पिंजऱ्यात परक्या नराच्या वासाचा ठोकळा ठेवला, की इथला नर त्यावर पोट घासून आपल्या वासाची मोहर उठवतो. कोऱ्या ठोकळ्याकडे फारसा फिरकत नाही. एवढंच बाईंना महिनाअखेर समितीपुढे दाखवायचं होतं. त्यावर पुढच्या वर्षीची नोकरी अवलंबून होती. आणि हे नर कोरा ठोकळा, पाण्याची बाटली, पिंजऱ्याचे गज, दिसेल तिथं पोटं घासत सुटले होते!

“खोलीत परका वास शिरलाय. शोधा,” विभागप्रमुख माएंग सर म्हणाले.

शोधायचं काय, डोंबल! बाईंच्या सासूबाईंनी गावाहून मेजू धाडले होते. उकडून ठेचलेल्या सोयाबीनच्या विटा. हिवाळाभर उबेत टांगून मुरवायच्या, मग त्यांचं त्वेनजांग, म्हणजे आंबवलेली सोयाबीनची चटणी, घालायचं. घरी टांगल्या, तर त्या कुजकट वासानं शेजारीण दारात येऊन विचारू लागली, “घरात कोणी वारलंय का हो?” फेकाव्यात, तर सासूबाई चव बघायला येणार. जर्बिलांच्या खोलीमागची यंत्रखोली मात्र कशी छान उबदार! बाईंनी विटा गुपचूप तिथं टांगल्या.

आणि चोरच फौजदार झाला. बाईंनी दा-ह्येच्या कॉलरचा वास घेतला, तिचा लसूण घातलेल्या किमचीच्या लोणच्याचा डबा जिन्यात ठेवायला लावला. सरांच्या कंबरेवरची औषधी पट्टीसुद्धा सोलून काढवली. सर कण्हत कंबर चोळू लागले. जर्बिलांचं घासणं चालूच.

“ताई, यंत्रखोलीत बघू का?” दा-ह्येनं विचारलं.

“मी बघितलंय!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की दा-ह्ये एकदम बुटांकडे बघू लागली.

दुपारी सगळे अळणी भात चिवडत बसले. बाईंनी घसा खाकरला. “सर, उद्यापासून तिळाचं तेलही बंद करू या.”

सरांनी चमचा आपटला. एका हातानं कंबर धरून ते उठले.

“अहो बाई, त्या विटा उतरवा आणि माझ्या गॅरेजात टांगा! खालच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा वास येतोय. गेल्या वर्षीचं तुमचं त्वेनजांग जिभेवर होतं आणि यंदाही डबा हवा होता, म्हणून आम्ही सगळे मूग गिळून बसलो होतो!”