गुप्तेकाकांचा कोरम

रिकाम्या खोलीला नमस्कार करून "कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब" असं खणखणीत आवाजात सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे गुप्तेकाका. पनवेलच्या बाजारामागे आमची आळी, तिच्या रहिवासी मंडळाचे ते चिटणीस.

नियम असा, की पुरेसे सभासद नसले तर सभा अर्धा तास थांबवायची आणि मग जे असतील त्यांच्यावर उरकायची. झालं! आळीतला प्रत्येक जण अर्धा तास उशिराच यायचा. टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा संपवून, जांभया देत, चार टाळकी. काका मात्र आधीच येऊन सगळ्या खुर्च्या मांडणार, फडक्याने पुसणार. मी एकदा म्हटलं, कशाला हात दुखवून घेता, पाच मांडा की. तर माझ्यावरच डाफरले. लोक आले आणि बसायला जागा नसली तर काय म्हणतील?

बायको गेलेली, मुलगा मुंबईला, तोही गणपतीपुरता येणारा. एकदा आमचं घड्याळ पुढे गेलं म्हणून मी वेळेवर पोचले, तर केवढे खूश झाले! "या, या. दोघं झालो," म्हणाले आणि तरीही उभं राहून सभा तहकूब केलीच. हसून माझी पुरेवाट झाली.

मग आळीतली घरं एकेक करून बिल्डरकडे जायला लागली. लोक नवीन पनवेलला फ्लॅटात गेले. पाठोपाठ मंडळाची खोलीही देऊन टाकायची टूम निघाली. या ठरावाला मात्र दोन तृतीयांश सभासद हजर हवेच होते, अर्ध्या तासाची पळवाट नव्हती. माझा विरोध आहे, असं काका सगळ्यांना बजावून आले होते.

हिस्सा मिळणार म्हटल्यावर मेले सगळे वेळेवर हजर. नवीन पनवेलचे रिक्षा करून आले. अध्यक्षांनी हजेरीवहीतल्या सह्या मोजल्या, माझीही धरून. एक कमी. काका खुर्च्या मांडून बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले होते. म्हातारा भलताच पक्का निघाला, असं मनात म्हणत मी बाहेर गेले.

"काका, घरी जा. तुम्ही आत आला नाहीत तर खोली वाचतेय."

ते होकाराची मान हलवत होते, पण नजर आत. जुन्या शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, कुणी कुणाच्या गुडघ्यांची चौकशी करत होतं. माझी सोडली तर खुर्ची एकच रिकामी होती. काकांनी चपला काढल्या आणि आत जाऊन सही केली.

"कोरम आहे," ते म्हणाले. पुढचं "सभा सुरू" त्यांना नीट म्हणताच येईना.

ठराव मंजूर झाला. विरोधात हात दोनच, त्यांचा आणि माझा. लोक चहा पिऊन पांगले.

माझं डोकं तडकलं होतं. हातात आलेली खोली का घालवलीत, असं मी तोंडावर विचारलं.

"अगं, इतकी वर्षं बोलावतोय. आज आले. घर भरलेलं असताना मीच बाहेर उभा राहू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला, उलट रडूच यायला लागलं. ते लपवायला मी खुर्च्या मिटायला घेतल्या, तर त्यांनी खुर्चीवर हात ठेवला.

"राहू देत. जरा वेळ अशाच राहू देत."

मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.